लाकडी पेन खोलून पुन्हा पॉलिश करताना

लाकडी पेनाची चमक गेली की हात आधी सँडपेपरकडे जातो. खरं तर आधी ठरवायचं ते हे, की पेन खोलायची गरज आहे का. पॉलिश बिघडलं तर पुन्हा करता येतं, पण खोलताना बॅरलच्या, म्हणजे पेनाच्या लाकडी नळकांड्याच्या, कडेला चीर गेली तर ती लपवता येते, नाहीशी करता येत नाही.

आधीचं पॉलिश कुठलं ते ओळखा. कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवून क्लिपच्या खाली, पटकन न दिसणाऱ्या जागी फिरवा. चिकट झालं तर चपड्याचं (लाखेचं) पॉलिश आहे. काहीच झालं नाही तर तिथेच अ‍ॅसिटोन लावा. थर मऊ पडला तर तो लॅकरचा किंवा सीए ग्लूचा, म्हणजे झटपट चिकटणाऱ्या सायनोअ‍ॅक्रिलेटचा.

चपडा किंवा मेण असेल तर पेन खोलू नका. धातूच्या भागांवर मास्किंग टेप लावा, ४०० आणि मग ६०० नंबरच्या पेपरने रेषांच्या दिशेने घासा आणि नवा हात द्या. सीएची गोष्ट वेगळी. तो थर बहुतेक वेळा धातूला लागून असलेल्या कडेला सुटतो. तिथून घाम आणि ओल आत शिरते, पांढुरका डाग पसरत जातो आणि शेवटी थराची खपली निघते. त्या कडेपर्यंत पोचायला पेन खोलावंच लागतं.

इथे ७ मिमी नळीचं, पिळून उघडणारं बॉलपेन धरू. त्याचे भाग दाबून बसवलेले असतात, आटे फक्त रीफिलला. दोन्ही बॅरल्सच्या आतल्या पितळी नळीवर मार्करने खूण करायची असते. बाहेरची खूण घासताना पुसली जाते आणि जोडताना लाकडाच्या रेषा जुळत नाहीत. ही खूण नळ्यांची तोंडं मोकळी झाली की लगेच करा. तोवर बाहेरून टेपवर दिशा लिहून ठेवा.

वरचं बॅरल हळूहळू पिळत सरळ ओढून काढा. रीफिल फिरवून बाहेर घ्या. ट्विस्ट यंत्रणा, म्हणजे पिळल्यावर रीफिल आत-बाहेर करणारा भाग, खालच्या बॅरलबाहेर किती आली आहे ते आताच व्हर्निअरने (बारीक माप घेणाऱ्या साधनाने) मोजून लिहून ठेवा, हा आकडा शेवटी लागतो. मग यंत्रणेतून आरपार जाईल अशी बारीक सळई घालून आधी टोक ठोकून काढा. टोक निघालं की त्या बाजूने नळीत सैलसर बसणारी, साधारण ६ मिमीची सळई घालून यंत्रणा बाहेर ढकला. वरच्या बॅरलमधली क्लिप आणि टोपीही याच सळईने निघते. बॅरल मुठीत धरा, ठोकळ्यावर टेकवू नका, कारण टेकवलं की हातोडीचा सगळा मार लाकडाच्या कडेवर येतो. ठोके हलके आणि बरेच. पाच-सहा ठोक्यांत काही हललं नाही, तर आत ग्लू लावलेला असतो. अशा वेळी सोल्डरिंग आयर्नचं टोक फक्त धातूला टेकवून तो तापवा आणि पुन्हा ठोका. लाकूड तापवलं तर नळी धरून ठेवणारा ग्लूही सुटतो.

बॅरल्स लेथच्या (कातकामाच्या यंत्राच्या) मँड्रेलवर, म्हणजे फिरणाऱ्या दांड्यावर, बुशिंगच्या, म्हणजे पेनाच्या धातूच्या भागांएवढ्या जाडीच्या कड्यांच्या, मध्ये चढवा. नट बोटाने घट्ट होईल तेवढाच. जास्त आवळला तर मँड्रेल किंचित वाकतो आणि बॅरल अंडाकृती घासलं जातं. मिनिटाला हजार फेऱ्यांच्या आसपास वेग, २२० ने जुना थर काढा, मग ३२०, ४००, ६००. प्रत्येक नंबरनंतर लेथ थांबवून त्याच पेपरने लांबीच्या दिशेने हात फिरवा, म्हणजे गोल ओरखडे राहत नाहीत. व्हर्निअर हाताशीच हवा. इथे काढायचा आहे तो जुना थर. लाकूड बुशिंगच्या खाली गेलं की जोडलेल्या पेनावर धातूची धार बोटाला लागते. लाकूड हाताला गरम लागलं तर थांबा, उष्णतेने तडे जातात.

धूळ पुसून, शिसवीसारखं तेलकट लाकूड असेल तर अ‍ॅसिटोनने पुसून, सीएचे थर सुरू करा. खिडकी उघडी, डोळ्यांवर चष्मा. पातळ सीएचे २ थर, मग मध्यम सीएचे ६ ते ८. प्रत्येक थराला पेपर टॉवेलच्या घडीवर २-३ थेंब आणि मंद वेगात एकच सरळ फेरी. सुती कापड कधीही वापरू नका, सुतावर सीए इतक्या वेगाने तापतो की धूर निघतो आणि बोट भाजतं. घाई म्हणून सीए पटकन सुकवणारा अ‍ॅक्सिलरेटर भरपूर मारला की थरात पांढरे बुडबुडे अडकतात. एक हलका फवारा, हातभर अंतरावरून, पुरे.

बुशिंग चिकटलेलं असेल तर बॅरल ओढू नका. जोडावर धारदार पात्याने रेघ मारा आणि मग सोडवा. बॅरलची तोंडं सपाट घासून त्यांना पातळ सीएचा एक थेंब फिरवा. पहिल्या वेळी ओल शिरली ती बहुधा याच उघड्या लाकडातून.

नंतर मायक्रोमेश (अगदी बारीक घासणारे पॅड), पाण्यासह, १५०० पासून १२००० पर्यंत सगळे ९ पॅड. दुसऱ्या-तिसऱ्या पॅडनंतर दिव्याखाली तिरकं धरून पाहा. चकचकीत खड्डे दिसले तर तिथे थर खाली आहे. तेव्हा पुढचे पॅड घासून उपयोग नसतो, अजून २ थर द्यावे लागतात.

जोडणी २४ तासांनी. तोवर थर पूर्ण पक्का होत नाही आणि दाबताना कडेला तडकतो. भाग दाबून बसवायच्या शेगड्याच्या (व्हाइसच्या) जबड्यांना लाकडाच्या पट्ट्या लावा. आधी टोक, मग यंत्रणा. लिहून ठेवलेल्या मापाच्या २ मिमी अलीकडे थांबा, रीफिल बसवून फिरवून बघा आणि मग केसाएवढं केसाएवढं दाबत न्या. जास्त आत गेली तर रीफिल मिटल्यावरही टोकाबाहेर राहते आणि सगळं पुन्हा ठोकून काढावं लागतं. एकदा खोललेला जोड सैल वाटला, तर नळीच्या आत मध्यम सीएचा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका द्या. यंत्रणेच्या हलत्या भागाला मात्र तो लागू देऊ नका.