तुम्ही विचारलंत म्हणून: सर्रा जंगलातून येतो की गावातून?

जंगलाला लागून असलेल्या गावात म्हैस सर्रा होऊन मेली की पहिला प्रश्न येतो, "हे चितळांकडूनच आलं ना?" प्राणिसंग्रहालयात वाघ गेला की तोच प्रश्न उलट्या बाजूने येतो, "गावच्या गुरांनीच दिलं ना?" विचारणाऱ्याला एक नाव हवं असतं, दोष देण्यापुरतं. पूर्वी मी एका शब्दात उत्तर देत असे: गुरांकडून. ते आजही बरंचसं टिकतं. पण त्यात जे राहून जातं त्यामुळेच पुढच्या पावसाळ्यात पुन्हा जनावरं मरतात, म्हणून या वेळी नीट मांडतो.

सर्रा म्हणजे ट्रिपॅनोसोमा इव्हॅन्सी या परजीवीचा रोग. हिवतापाचा परजीवी डासाच्या पोटात वाढतो, त्याला दिवस लागतात. इव्हॅन्सी माशीच्या अंगात वाढतच नाही. टॅबॅनस जातीच्या मोठ्या माशीची मादी कातडी कापते आणि साचलेलं रक्त पिते. चावा इतका झोंबतो की जनावर शेपटीचा फटका मारतं, माशी अर्धपोटी उठते आणि शेजारच्या अंगावर बसते. तिच्या तोंडाला तेव्हा काही नॅनोलिटर रक्त लागलेलं असतं. एकाला टोचलेली सुई न उकळता दुसऱ्याला टोचावी, तसा हा प्रकार. अर्ध्या तासाच्या आत ती दुसरीकडे चावली तर लागण होऊ शकते; वेळ जाईल तसे तोंडावरचे परजीवी मरत जातात. जवळ दुसरं जनावर नसेल तर माशी बहुधा पहिल्याकडेच परतते. घोड्यांवरच्या प्रयोगांत साधारण पन्नास मीटर अंतर ठेवल्यावर माश्यांची अदलाबदल जवळपास थांबली होती.

म्हणजे विचारायला हवं ते असं: कोणती दोन जनावरं, किती अंतरावर आणि एकाच अर्ध्या तासात उभी होती? तळ्याकाठच्या ज्या चिखलात म्हशी डुंबतात त्याच चिखलात टॅबॅनसच्या अळ्या वाढतात. म्हशी चारला उठल्या आणि चितळं सहाला उतरली, तर तोंडाला लागलेलं रक्त तोवर निकामी झालेलं असतं. पाणी एकाच डबक्यात उरलं आणि दोघं एकाच वेळी काठावर आली की ते अंतर संपतं. स्टोमॉक्सिस ही गोठ्यातली चावरी माशी अन्नपिशवीतलं रक्त परत ओकू शकते, त्यामुळे तिच्या बाबतीत अर्ध्या तासाचा हिशेब सैलच धरावा लागतो. ती कुजक्या ओल्या वैरणीत आणि शेणात वाढते. जंगलापेक्षा गोठ्याच्या मागचा ढीग तिला जास्त मानवतो.

"आमची म्हैस तर धडधाकट होती," हे वाक्य दर वेळी ऐकावं लागतं. धडधाकट दिसणं हीच अडचण आहे. हा परजीवी अंगावरचा प्रथिनांचा अंगरखा बदलत राहतो. शरीराने एका अंगरख्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली की दुसऱ्या अंगरख्याचे उरतात आणि वाढतात. घोडा, उंट, कुत्रा यांचा त्यात निकाल लागतो. म्हैस आणि गाय मात्र महिनोन्‌महिने परजीवी बाळगून चरत राहतात. गाभण राहिली, उपाशी राहिली, लांबच्या बाजाराला चालवली की रोग उफाळतो. अशा वाहक म्हशीच्या रक्ताची काचपट्टी बहुधा कोरी येते, कारण साध्या तपासणीत दिसायला एका मिलिलिटरमध्ये लाखाच्या घरात परजीवी लागतात. त्यापेक्षा बारीक काचनळीत रक्त घ्या, एक टोक मातीने बंद करा, सेंट्रिफ्यूज यंत्रात मिनिटाला 12,000 फेऱ्यांवर पाच मिनिटं फिरवा आणि पांढऱ्या पेशींचा थर जिथे संपून पिवळा द्रव सुरू होतो ती कड सूक्ष्मदर्शकाखाली धरा. मिलिलिटरमध्ये शेकड्यात असले तरी तिथे ते वळवळताना सापडतात. नळी तासभराच्या आत पाहायची. उशीर झाला की हालचाल थांबते आणि अहवाल "निरंक" येतो.

आता नंदनकानन. भुवनेश्वरजवळच्या या प्राणिसंग्रहालयात जुलै 2000 मध्ये काही दिवसांत दहाहून अधिक वाघ दगावले, त्यांत पांढरे वाघही होते. निदान ट्रिपॅनोसोमाचं झालं. डिमिनॅझिन या परजीवी मारणाऱ्या औषधाच्या वापरावरूनही तेव्हा वाद झाला. हा प्रसंग मला सोडवत नाही, कारण तुमचा प्रश्न तिथे पूर्ण ताकदीने उभा राहतो. संग्रहालय चंदका जंगलाला लागून. हरणांचे पिंजरे आत, गुरं बाहेर, पावसाळा म्हणजे माश्यांचा हंगाम. शिवाय वाघाला मांस लागतं, आणि ते येतं गुरांचं.

इथे माशीशिवायचा दुसरा रस्ता येतो. नुकत्याच कापलेल्या जनावराच्या रक्तात परजीवी जिवंत असतात. हाड फोडताना वाघाच्या हिरड्यांना, जिभेला बारीक जखमा होतात आणि परजीवी तिथून आत शिरतात. मांस काही तास थंड करून दिलं तर हा धोका जवळजवळ जातो. इतकी साधी गोष्ट आहे, आणि गरम मांस म्हणजे ताजं मांस या समजुतीपुढे ती टिकत नाही.

उपचाराचंही तसंच. डिमिनॅझिन गुरांमध्ये साधारण किलोमागे साडेतीन मिलिग्रॅम, खोल स्नायूत देतात. कुत्रा आणि उंट यांच्यात उपकारक मात्रा आणि विषारी मात्रा यांच्यातलं अंतर फार थोडं असतं. वाघाला तराजूवर उभं करता येत नाही, वजन नजरेने धरावं लागतं. मात्रा कमी पडली तर तग धरणारे परजीवी मागे राहतात, जास्त झाली तर मज्जासंस्थेवर आघात होतो. हे औषध मेंदूत नीट पोचत नाही, म्हणून बरा वाटलेला प्राणी काही आठवड्यांनी गोल गोल फिरायला लागू शकतो. परजीवी रक्तातली साखर फस्त करतात, त्यामुळे ग्लुकोज सोबत लागतं. आणि मेल्यानंतर घाई हवी: परजीवी काही तासांत विरघळून जातात, मग सकाळी केलेल्या शवविच्छेदनात रात्री मेलेल्या वाघाचं रक्त काहीच सांगत नाही.

मग जंगलातले वाघ का मरत नाहीत, असं लगेच विचारलं जातं. मरत नाहीत हे कुणी पाहिलं? झाडीत मेलेला वाघ सापडतो तोवर रक्ताचा पुरावा संपलेला असतो. चितळ पकडून रक्त घ्यायचं तर परवानगी लागते, आणि पकडण्याच्या धसक्यानेच चितळ मरू शकतं. म्हणून "गुरांकडून" या माझ्या उत्तरामागचा पुरावा गोठ्यात जास्त आहे, कारण शोध तिथे जास्त झाला आहे. हे मला मान्य करावंच लागतं. ब्राझीलच्या पँटानाल या पाणथळ प्रदेशात कॅपिबारा आणि कोआटी या रानप्राण्यांत हाच परजीवी सापडतो आणि घोडे मरतात. तिथे जंगलाला निर्दोष ठरवता येत नाही. आपल्याकडे चितळ आणि सांबर तशीच भूमिका करतात असं म्हणायला माझ्याकडे तेवढा आधार नाही, करत नाहीत म्हणायलाही नाही.

"माणसाला होतो का?" या प्रश्नाचं उत्तर चंद्रपूर जिल्ह्यात मिळालं. 2004 मध्ये तिथल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात इव्हॅन्सी सापडला, जगातली पहिली निश्चित नोंद. सुरामिन हे औषध देऊन तो बरा झाला. आपल्या रक्तातलं एपीओएल1 हे प्रथिन या परजीवीला फोडून टाकतं. त्या शेतकऱ्याच्या अंगात जनुकीय दोषामुळे ते नव्हतंच. नंतर आसपासच्या गावांत तपासणी झाली, अनेकांच्या रक्तात प्रतिपिंडं मिळाली, परजीवी कुणातच मिळाला नाही. म्हणजे माश्या माणसांनाही चावत होत्या. हे गुरांच्या माश्यांचं काम की जंगलातल्या, याचा निवाडा त्या आकड्यांवरून होत नाही.

जंगलकडेच्या गावाला आज करता येईल ते एवढं. पावसाळ्याआधी म्हशींचं रक्त नळीने तपासून घ्या. वाहक निघाली तर पूर्ण मात्रेत उपचार करा, अर्ध्या मात्रेत कधीच नको. गोठ्यामागचा ओला ढीग उपसा. निळ्या-काळ्या कापडाचा माशीसापळा गोठ्याच्या उन्हाच्या बाजूला, मोकळ्यावर लावा. झाडाच्या सावलीत तो रिकामा राहतो. पाणवठ्यावर म्हशी आणि हरणं यांच्या वेळा वेगळ्या राहतील असं बघा. आणि वनविभागाने कुठलाही प्राणी बेशुद्ध केला, मग तो स्थलांतरासाठी असो की जखमेसाठी, तर कानाच्या शिरेतून एक नळी रक्त आणि गाळणकागदावर दोन थेंब घेऊन ठेवा. कागद सावलीत वाळवून पाकिटात टाकला की पीसीआर या जनुकीय तपासणीसाठी नंतरही चालतो.