बोलोन्याचा रागू: माझा अनुभव

"सॉस लालभडक दिसला की समजायचं, टोमॅटो जास्त झाला," असं इटलीतल्या बोलोन्या शहरातल्या आमच्या घरमालकीणबाईंचं ठाम मत. नोकरीनिमित्त इथे राहायला आले आणि रागू त्यांच्या हाताखाली शिकले. रागू म्हणजे तासन् तास मंद आचेवर शिजवलेला खिम्याचा सॉस. त्याचा खरा रंग विटकरी-तपकिरी, कारण तो मुळात मांसाचा पदार्थ आहे. टोमॅटो चवीपुरता.

या शहराला त्याचा भारी अभिमान. इटालियन पाककला अकादमीने १९८२ मध्ये इथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रागूची कृती रीतसर नोंदवली आणि २०२३ मध्ये त्यात सुधारणा केली. नव्या कृतीत ४०० ग्रॅम बीफचा जाडसर खिमा, १५० ग्रॅम पॅनचेटा म्हणजे डुकराच्या पोटाकडचं चरबीदार मांस, कांदा, गाजर आणि सेलरी प्रत्येकी सुमारे ६० ग्रॅम, आणि टोमॅटोचा गाळलेला रस फक्त २०० ग्रॅम. लसूण चालत नाही, असं तिथे स्पष्टच लिहिलंय. आपल्या हाताला लसणाशिवाय खिमा करवत नाही, पण इथे तो नसल्यामुळेच मांसाची आणि सेलरीची चव वर येते, हे मला मनापासून पटलं.

खाटकाला नुसतं 'रागूसाठी' म्हटलं की पुरतं. तो कष्टाळू स्नायूंचा, चिवट भाग काढतो. असल्या मांसात कोलॅजन हे चिवट प्रथिन भरपूर असतं. सावकाश शिजताना त्याचं जिलेटिन होतं आणि सॉसला दाटपणा येतो. म्हणूनच घट्टपणासाठी पीठ लावावं लागत नाही.

आधी बारीक चिरलेला पॅनचेटा थोड्या ऑलिव्ह तेलात घालून त्याची चरबी सुटू द्यायची. त्यात भाज्या मऊ होईपर्यंत परतायच्या, करपू द्यायच्या नाहीत. मग खिमा. माझ्या मते सगळा रागू या टप्प्यावर ठरतो. खिम्याला आधी पाणी सुटतं आणि पातेल्यातून रटरट असा ओला आवाज येतो. पाणी आहे तोवर मांस फक्त उकडतं, त्याला रंग चढत नाही. बाई अशा वेळी गॅसपाशी उभ्या राहून नुसत्या ऐकत असतात. पाणी आटलं की आवाज बदलतो, चरचर सुरू होते. मग बुडाशी तपकिरी खरपुडी धरते आणि खमंग वास सुटतो. आपण मसाला तेल सुटेस्तोवर परततो ना, तोच हा संयम. इथे घाई केली की पुढे तीन तास शिजवूनही ती चव येत नाही.

मग वाइन. लाल किंवा पांढरी, दोन्ही चालतात. तिने बुडाची खरपुडी सोडवून घ्यायची आणि आंबूस वास पूर्ण उडू द्यायचा. त्यानंतर टोमॅटो, पळीभर गरम स्टॉक म्हणजे मांस किंवा भाज्या उकळून गाळलेलं पाणी, आणि झाकण ठेवून सर्वांत मंद आच. उकळी फुटता कामा नये, मधूनच एखादा बुडबुडा यावा. आटत आलं की पुन्हा थोडा स्टॉक, तोही गरमच. किमान दोन तास, तीन झाले तर उत्तम. निम्मा वेळ सरला की अर्धा ग्लास दूध. कृतीत ते ऐच्छिक आहे, पण मी कधीच वगळत नाही. टोमॅटोचा आणि वाइनचा आंबटपणा त्याने छान मवाळ होतो.

पुण्यात बहिणीने मटणाच्या खिम्यावर हाच प्रयोग केला. मटणाचा स्वतःचा वास वर राहतो, त्यामुळे पदार्थ वेगळा होतो, पण चविष्ट होतो. पॅनचेटा नसेल तर मटणाची थोडी चरबी घ्या.

रागूबरोबर इथे स्पॅगेटी नाही, अंड्याच्या कणकेची ताल्यातेल्ले, म्हणजे पट्ट्यांचा पास्ता, खातात. रुंद, किंचित खडबडीत पट्ट्यांना खिमा धरून राहतो, गुळगुळीत स्पॅगेटीवरून तो ताटलीच्या तळाशी घरंगळतो. पास्ता निथळून थेट रागूच्या पातेल्यात टाकायचा, त्याचंच थोडं पाणी घालून हलवायचं आणि वरून पार्मिजानो चीज किसायचं. मी नेहमी दुप्पट करते. उरलेला फ्रीजमध्ये ठेवला की दुसऱ्या दिवशी आणखी मुरतो, आणि रविवारी पालकाच्या हिरव्या पट्ट्यांच्या लझान्यात, म्हणजे थर लावून भाजलेल्या पास्त्यात, कामी येतो.