दिव्यांवरची काजळी

"ताई, दिवे लावलेस ना?" बाजूच्या सीटवरून भावाने विचारलं तेव्हा पाऊस धो धो कोसळत होता आणि दिवे चांगले अर्ध्या तासापासून चालू होते. फक्त आदल्याच रविवारी मी हौसेने त्यांच्यावर काळपट स्मोक फिल्म चिकटवली होती. दिवसा गाडी काय झोकात दिसायची! पण रात्रीचा ओला डांबरी रस्ता आधीच प्रकाश गिळतो, त्यात माझी ही कंदिलाची काजळी. घरी पोचल्यावर हेअर ड्रायरने गरम करकरून दोन्ही फिल्मा सोलून काढल्या.

फिल्म लावायचं मूळ कारण, म्हणजे दिवे जपणं, मात्र खरं होतं. हल्लीच्या हेडलाइटची काच ही काच नसतेच, ते पॉलिकार्बोनेट, म्हणजे प्लॅस्टिक. त्यावर अतिनील किरण अडवणारा एक पातळ कडक थर असतो. ऊन आणि उडणारी खडी यांनी तो झिजला की खालचं प्लॅस्टिक पिवळं पडायला लागतं. माझ्या आधीच्या गाडीच्या दिव्यांना तर अक्षरशः मोतीबिंदू झाला होता. एकदा तसं झालं की वरून फिल्म लावणं म्हणजे मळक्या भिंतीवर वॉलपेपर. आधी पॉलिश पेपरने घासून लेन्स साफ करावी लागते.

या वेळी हेडलाइटला पूर्ण पारदर्शक फिल्म घेतली, गाडीचा रंग जपायला लावतात तीच पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म), १५०-२०० मायक्रॉनची. पिवळी फक्त फॉग लाइटला, म्हणजे धुक्यासाठीच्या खालच्या दिव्यांना.

फॉग लाइटने जीव काढला. सपाट भागावर फिल्म गुमान बसते, पण फुगीर लेन्सच्या कडेला आली की तिला चुण्या पडतात, मोदकाच्या पारीसारख्या. स्प्रेच्या बाटलीत पाणी आणि शाम्पूचे चार थेंब, लेन्सही ओली, फिल्मची चिकट बाजूही ओली. मग मधून कडेकडे स्क्वीजीने (रबरी पट्टीने) पाणी काढायचं. चुणी आली की ती दाबायची नाही (मी दाबली, पहिली फिल्म वाया गेली), तेवढा भाग उचलून ड्रायरने कोमट करायचा, हळू ताणायचा आणि परत बसवायचा. जास्तीची कड कापताना कटर लेन्सला टेकवू नका. माझा टेकलाय. डावीकडे खाली बारीक ओरखडा आहे, माहीत असेल तरच दिसतो.

आता पिवळ्याबद्दल. पिवळा प्रकाश धुकं भेदतो म्हणतात, तसं काही नसतं. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींपेक्षा खूप मोठे, ते सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात. फॉग लाइटचं खरं काम होतं ते तो खाली बसवलेला असतो आणि त्याचा झोत रुंद, आडवा पडतो म्हणून. पिवळी फिल्मही थोडा प्रकाश खातेच. तरी निळसर झगमग कमी झाल्याने माझ्या डोळ्यांना बरं वाटतं. फ्रान्समध्ये तर १९९३ पर्यंत हेडलाइटच पिवळे सक्तीचे होते. तुमच्याकडे रंगीत फिल्म नियमात बसते का, ते मात्र लावण्याआधी बघा.

दोन दिवस गाडी धुतली नाही. पाण्याचे उरलेले बुडबुडे हळूहळू जिरले. उजव्या फॉग लाइटमध्ये मात्र माझाच एक केस अडकलाय, पिवळ्यात छान उठून दिसतो. भाऊ म्हणतो, काढून परत लाव. त्याने एकदा लावून दाखवावी.