हृदयातले जंत आणि कापसाचा पैसा

खान्देशात कुत्र्याला ताप आला, त्याचे खाणे सुटले किंवा नाकातून रक्त आले की डॉक्टरांचा पहिला संशय गोचीडतापावर जातो आणि बहुतेक वेळा तो खराही ठरतो. हार्टवर्म, म्हणजे हृदयात आणि फुप्फुसांच्या धमन्यांत राहणारा जंत, हे नाव इकडे फारसे ऐकू येत नाही. आमच्या घरात ते आले आसामातून. माझे चुलतभाऊ, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, सैन्यातून निवृत्त होऊन अमळनेर तालुक्यातल्या घरी परतले, तेव्हा तिकडे पाळलेला शेरूही त्यांच्याबरोबर आला. ईशान्य भारतात कुत्र्यांमध्ये हा आजार चांगलाच आढळतो. शेताच्या बांधावरून दोन फेऱ्या मारल्या की शेरू धापा टाकू लागे आणि रात्री कोरडा खोकला काढी.

पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रक्ताचा एक ताजा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि दादांना पाहायला बोलावले. लाल पेशींच्या गर्दीत दोऱ्याच्या तुकड्यासारखे काहीतरी वळवळत होते आणि त्याच्या हालचालीने आजूबाजूच्या पेशी ढकलल्या जात होत्या. त्या मायक्रोफायलेरिया, म्हणजे जंताची रक्तात फिरणारी पिल्ले. मात्र तेवढ्यावरून हार्टवर्म म्हणता येत नाही, हे डॉक्टरांनी तिथेच स्पष्ट केले आणि खर्चाच्या दृष्टीने मला तेच सर्वांत मोलाचे वाटते. डायरोफायलेरिया इमिटिस हा हृदयातला जंत. त्याचाच भाऊबंद डायरोफायलेरिया रेपेन्स कातडीखाली राहतो, भारतात पुष्कळ ठिकाणी सापडतो आणि हृदयाला हात लावत नाही. दोघांचीही पिल्ले रक्तात दिसतात आणि वरवर सारखीच भासतात. त्यामुळे पहिला पैसा औषधावर न घालता अँटिजेन चाचणीवर घालावा. ही चाचणी प्रौढ मादी जंताचे अंश रक्तात शोधते आणि किटवर काही मिनिटांत निकाल देते. संसर्ग झाल्यापासून साधारण सहा-सात महिने ती निगेटिव्हच येऊ शकते, एवढी तिची मर्यादा लक्षात ठेवावी. शेरूची चाचणी पॉझिटिव्ह आली.

त्यानंतर घरात जी चर्चा झाली, ती या आजाराच्या बहुतेक घरांत होत असावी. शेजारच्या काकू दारातूनच विचारत्या झाल्या, “कुत्राले काय हुयनं?” आणि उत्तर ऐकून म्हणाल्या, की जंत आहेत तर जंताची गोळी द्या, त्यात एवढे काय? सल्ला प्रेमाचा होता, पण आतड्यातल्या जंतांवर चालणारी नेहमीची गोळी या जंताचे काहीच करत नाही. प्रौढ मादी 25 ते 30 सेंटिमीटर लांब होते, कुत्र्याच्या शरीरात पाच ते सात वर्षे जगते आणि राहते ती रक्तवाहिन्यांत. तिला मारले की तिचे तुकडे रक्ताबरोबर फुप्फुसांत जाऊन अडकतात. या आजारात रोगाइतकीच भीती उपचाराची असते, ती यामुळे.

प्रौढ जंत मारणारे प्रमाण औषध म्हणजे मेलार्सोमिन. हे आर्सेनिकचे संयुग कमरेच्या स्नायूत खोलवर टोचतात. एक टोचणी, मग महिनाभराने लागोपाठ दोन दिवस दोन टोचण्या, आणि त्याआधी दोन महिन्यांची तयारी, असा अमेरिकन हार्टवर्म सोसायटीचा आराखडा आहे. आपल्याकडे हे औषध सहज मिळत नाही. परदेशातून मागवण्याचा विचार दादांनी करून पाहिला. त्याची किंमत, परवानगी आणि वाटेत औषध खराब होण्याची भीती एकत्र मांडल्यावर तो सोडून दिला, आणि मला तो निर्णय पटला. डॉक्टरांनी सुचवलेला दुसरा मार्ग संथ आहे: महिनाभर डॉक्सीसायक्लिन, आणि त्याच्या जोडीने दर महिन्याला मानेवर कातडीला लावायचे मॉक्सिडेक्टिन हे जंतनाशक. मेलार्सोमिन मिळत असेल तर हा मार्ग दुय्यमच मानतात, कारण प्रौढ जंत हळूहळू मरतात आणि तोवर धमन्यांची झीज चालूच राहते. पण जिथे पहिला मार्गच बंद आहे तिथे तो निरुपाय म्हणून नव्हे, तर नीट आखलेला उपचार म्हणून घ्यावा.

डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक असून ते जंतावर का चालते, याचे कारण मजेशीर आहे. या जंताच्या शरीरात वोल्बाकिया नावाचे जिवाणू राहतात आणि त्यांच्यावाचून जंताचे चालत नाही. औषध त्या जिवाणूंना संपवते, जंत अशक्त होतो, त्याची वीण थांबते आणि पुढे तो मरतो तेव्हा फुप्फुसांत होणारा दाहही कमी राहतो. मात्रा किलोमागे 10 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, चार आठवडे. वीस किलोच्या कुत्र्याला म्हणजे 100 मिलिग्रॅमच्या रोज चार कॅप्सूल, एकूण 112. डॉक्सीसायक्लिन माणसांच्या दुकानात जेनेरिक स्वरूपात स्वस्त मिळते, तेव्हा डॉक्टरांकडून घटकाचे नाव आणि मात्रा लिहून घेतली तर उपचाराचा हा मोठा भाग सामान्य घराला झेपतो. कॅप्सूल कोरडी घशात टाकू नये. अन्नासोबत देऊन वर पाणी पाजावे, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते.

महाग पडतात त्या चाचण्या. छातीचा एक्स-रे, यकृत-मूत्रपिंडाची तपासणी, टू-डी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि त्यांसाठी जळगाव किंवा नाशिकची गाडी. इथे डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलायला संकोच करू नये. आमच्याकडे रोकड येते ती कापूस विकला की. त्याआधी दिवाळीच्या तोंडावर घर उधारीवरच चालते. दादांनी हे सरळ सांगितले, तेव्हा डॉक्टरांनी एक्स-रे आणि रक्ततपासणी आत्ताच हवी, इको मात्र पोटात पाणी साठले किंवा चक्कर आली तरच, अशी विभागणी करून दिली. लघवी गडद तपकिरी झाली आणि कुत्रा एकाएकी कोसळला तर मात्र थांबता येत नाही. तेव्हा जंतांचा गुंता हृदयाच्या उजव्या बाजूला आलेला असतो आणि मानेच्या शिरेतून ते ओढून काढण्याची शस्त्रक्रिया हाच उपाय उरतो. संथ उपचाराचा पैसा महिन्यामहिन्याने लागतो, हे शेतकरी घराच्या दृष्टीने त्यातल्या त्यात सोयीचे.

विश्रांतीला पैसा लागत नाही, पण तीच सगळ्यांत जड गेली. उपचार चालू असेपर्यंत कुत्र्याने धावायचे नाही, उड्या मारायच्या नाहीत, मांजरामागे पळायचे नाही; नाडी वाढली की मेलेल्या जंतांचे तुकडे वेगाने पुढे सरकतात. दादांनी शेरूला ओसरीत आखूड दोरीने बांधले आणि सकाळ-संध्याकाळ फक्त शी-शूपुरते बाहेर नेले. तो पहिले काही दिवस ओरडला, मग रुळला. शेतावरच्या कुत्र्याला असे बांधणे लोकांना क्रूर वाटते आणि येणारा-जाणारा “सोडा की त्याला” म्हणतो. सोडायचे नाही.

आता एक इशारा, जो गुरे पाळणाऱ्या प्रत्येक घराला लागू आहे. आयव्हरमेक्टिन या जंतनाशकाची बाटली गोठ्यात असतेच. गायीच्या गोचिडांवर आणलेले ते इंजेक्शन कुत्र्यालाही “थोडेसे” टोचण्याची आपल्याकडे पद्धत आहे. हार्टवर्म टाळण्याची मात्रा किलोमागे 6 मायक्रोग्रॅम, म्हणजे वीस किलोच्या कुत्र्याला महिन्याला 0.12 मिलिग्रॅम. एक टक्क्याच्या इंजेक्शनच्या एका मिलिलिटरमध्ये 10 मिलिग्रॅम असते. हवी तेवढी मात्रा काढायची तर 0.012 मिलिलिटर मोजावे लागेल, जे इन्सुलिनच्या सिरिंजनेही नीट जमत नाही. माणसांची 12 मिलिग्रॅमची गोळी त्याच कुत्र्याला त्या मात्रेच्या शंभरपट होते. कॉलीसारख्या काही जातींत जास्त मात्रा मेंदूत शिरून जीव घेते, आणि रक्तात मायक्रोफायलेरिया भरपूर असतील तर त्या एकदम मरून कोणत्याही कुत्र्याला शॉक बसू शकतो. शेरूला मॉक्सिडेक्टिनची पहिली मात्रा दिली तेव्हा डॉक्टरांनी आधी स्टिरॉइड आणि ॲलर्जीविरोधी औषध देऊन त्याला दिवसभर दवाखान्यातच ठेवले होते.

गल्लीतल्या लोकांची काळजी वेगळी होती: हा आजार मुलांना लागेल का, दुसऱ्या कुत्र्यांना लागेल का? शेरूच्या चाटण्याने किंवा जवळ बसल्याने तो लागत नाही. मधे डास हवाच. डासाने पिल्ले शोषली की उबदार हवेत दहा-चौदा दिवसांत ती संसर्ग करण्याजोगी होतात. माणसात हा जंत क्वचित शिरतो आणि सहसा वाढत नाही. कुत्र्यांचा धोका मात्र खरा आहे, कारण पाणी चार-सहा दिवसांनी येते म्हणून आपण टाक्या, पिंपे, रांजण भरून ठेवतो आणि डासांची सोय वर्षभर होते. दादांनी पिंपांना कापड बांधले, गोठ्याजवळच्या हौदात गप्पी मासे सोडले आणि शेरूला संध्याकाळपासून जाळीच्या दाराआड ठेवायला सुरुवात केली. डॉक्सीसायक्लिनचा इथे आणखी एक उपयोग होतो: ते घेतलेल्या कुत्र्याची पिल्ले डासात गेली तरी पुढच्या कुत्र्यात ती धड वाढत नाहीत.

शेरूचा खोकला आता कमी आहे, पण खोकला कमी होणे म्हणजे जंत जाणे नव्हे. दर सहा महिन्यांनी अँटिजेन चाचणी करायची, लागोपाठ दोनदा निगेटिव्ह आली तरच उपचार संपला म्हणायचे, आणि त्यानंतरही महिन्याची प्रतिबंधक मात्रा चालू ठेवायची, असे डॉक्टरांनी वहीत लिहून दिले आहे. दादांच्या खळ्यावर या पावसाळ्यात आणखी एक पिल्लू आले आहे. त्याची प्रतिबंधक मात्रा शेरूच्या औषधाबरोबरच एका खेपेत मागवली जाते.