इंजिनाची सांधेदुखी

पाइप सहसा गळत नाही, गळतो तो जोड. कुठलाही प्लंबर नळाखाली हात घालून आधी दोन तुकडे मिळतात तिथंच बोट फिरवतो. आता त्या पाइपात पाण्याऐवजी आठ-नऊ वातावरणं दाबाची वाफ आहे असं धरा. शिवाय जोड नुसता घट्ट असून भागत नाही, प्रत्येक वळणावर तो हललाही पाहिजे. एकोणिसाव्या शतकात मधोमध वाकणारी रेल्वेची इंजिनं बांधायला निघालेल्या लोकांची खरी लढाई या जोडाशीच होती. लोखंडाला वाकायला लावणं सोपं होतं. वाकलेल्या जागेतून वाफ पलीकडे न्यायची, तीही न सांडता, हे मात्र भल्याभल्यांना जमलं नाही.

इंजिन वाकवायचंच कशाला, याचं उत्तर साध्या हिशेबात आहे. कोरड्या रुळावर इंजिनाची ओढ ही ओढणाऱ्या चाकांवरच्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा. त्यापुढे वाफ कितीही सोडा, चाकं जागच्या जागी गरगरतात. ओढ वाढवायची तर वजन वाढवा. पण एका आसाखाली रूळ ठराविक भारच झेलतो, म्हणून आस वाढवा. चार-पाच आस एकाच ताठ चौकटीत बसवले की लांबी वाढते आणि अरुंद वळणावर चाकांच्या कडा रुळाला घासू लागतात. कडा झिजते, रूळ झिजतो, आणि नशीब फिरलंच तर इंजिन खाली उतरतं. घाटात चढ आणि वळण हातात हात घालूनच येतात, त्यामुळे तिथं ही कोंडी पक्की. मग चाकांचे दोन गट करायचे आणि प्रत्येकाला आपापलं वळू द्यायचं, एवढाच मार्ग उरतो.

ऑस्ट्रियात झेमरिंग घाटाचा रेल्वेमार्ग बांधला जात होता तेव्हा हे सगळं एकदम ऐरणीवर आलं. चढ ४० ला १, वळणं १९० मीटर त्रिज्येपर्यंत आवळलेली. १८५१ साली स्पर्धा लावली आणि चार इंजिनं चढावर धावली. अट चौघांनीही पूर्ण केली. बक्षीस मिळालं म्युनिकच्या माफाय कारखान्याच्या ‘बव्हेरिया’ला, आणि रोजच्या कामात तेच आधी हरलं, त्याच्या चाकांचे गट साखळ्यांनी जोडलेले होते आणि त्या साखळ्या टिकेनात. बेल्जियमच्या कॉकरिल कारखान्याच्या ‘सेराँ’ची मांडणी मात्र पुढच्या पन्नास वर्षांचा नकाशाच होती: मध्ये भट्टी, दोन्हीकडे बॉयलर, खाली दोन स्वतंत्र बोग्या, म्हणजे आपापल्या वळणाऱ्या चाकांच्या चौकटी. पण तिच्या हलत्या वाफनळ्या गळत. परीक्षेत पास झालेलं इंजिन नोकरीत टिकतंच असं नाही. परीक्षा काही आठवड्यांची असते, जोड मात्र रोज झिजतो.

तीच मांडणी नेटाने पुढे नेली रॉबर्ट फेअरली या स्कॉटिश माणसानं. आपल्याशी त्याचं जरा नातं आहे: १८५०च्या दशकाच्या अखेरीस तो बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेच्या पूर्वजाकडे, काम करून गेला होता. परत गेल्यावर लंडनच्या जॉर्ज इंग्लंड या इंजिन-कारखानदाराच्या मुलीशी, एलायझाशी, त्यानं पळून जाऊन लग्न केलं. वडिलांची संमती आहे अशी शपथ त्यानं घेतली होती, म्हणून १८६२ साली सासऱ्यानं खोट्या शपथेचा खटला भरला. उलटतपासणीत सासऱ्याला कबूल करावं लागलं की मुलीच्या आईशी आपलं लग्न झालेलं नाही. झालं! तेव्हाच्या कायद्यानं ती मुलगी कुणाचीच नाही ठरली, मग संमती मागायची कुणाकडे? खटला तिथंच आडवा झाला. पुढे १८६९ साली फेअरलीचं सगळ्यात गाजलेलं इंजिन बांधलं गेलं ते याच सासऱ्याच्या कारखान्यात. माणसांचे जोड इंजिनाच्या जोडांपेक्षा बरे निघाले म्हणायचे.

त्या इंजिनाचं नाव ‘लिटल वंडर’. वेल्समधल्या फेस्टिनियॉग रेल्वेचं. रुळांमधलं अंतर दोन फुटांना जेमतेम अर्धा इंच कमी. डोंगरातल्या खाणींमधल्या पाटी-दगडानं भरलेल्या वाघिणींची रांग उताराच्या जोरावर आपोआप पोर्टमॅडॉक बंदराकडे घरंगळत येई, ब्रेकवाले तिच्यावर बसून असत. इंजिनाचं काम रिकाम्या वाघिणी वर चढवण्याचं. वाहतूक वाढली, एकेरी मार्ग अपुरा पडू लागला. दुहेरी करायचा तर खर्च अफाट. मग दोन छोट्या इंजिनांचं काम करणारं एकच इंजिन आलं: चार-चार चाकांच्या दोन बोग्या, चाकं २ फूट ४ इंचांची, चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास सव्वाआठ इंचांहून किंचित कमी, स्ट्रोक, म्हणजे दट्ट्याची धाव, १३ इंच. सगळंच्या सगळं वजन ओढणाऱ्या चाकांवर. फेब्रुवारी १८७० मध्ये त्याच्या चाचण्या बघायला रशियाहून सरकारी मंडळ आलं होतं. या जाहिरातीच्या बदल्यात फेअरलीनं रेल्वेला आपलं पेटंट फुकट वापरू दिलं. सौदा दोघांनाही स्वस्त पडला.

आत डोकावलं की या इंजिनाची गंमत कळते. बॉयलर एकच, पण दोन तोंडांचा. दोन्ही टोकांना धुराडं. सुरुवातीच्या काही इंजिनांत मधली भट्टी दोन्हीकडे सामाईक ठेवली होती. त्यामुळे ज्या टोकाचा हवेचा ओढा जास्त, तिकडेच सगळा जाळ पळायचा आणि दुसरं टोक उपाशी. पुढे मध्ये पाण्याची भिंत घालून दोन भट्ट्या वेगळ्या केल्या तेव्हा ते थांबलं. भट्टी मधोमध असल्यानं ड्रायव्हर एका बाजूला, फायरमन दुसऱ्या बाजूला, आणि दोघांच्या मध्ये तापलेला बॉयलर. फायरमनला कोळसा पुढून नाही, कुशीतून घालावा लागतो, डाव्या दारात एक फावडं, उजव्या दारात एक, कोपर हलवायलाही धड जागा नाही. रेग्युलेटरच्या, म्हणजे वाफ सोडणाऱ्या झडपेच्या, दोन मुठी शेजारी शेजारी: एका बोगीची चाकं घसरली तर तिचीच वाफ कमी करायची, दुसरी ओढत राहते. चढावर या रचनेचा एक छुपा फायदा आहे. पाणी खालच्या टोकाकडे धावतं, पण भट्टीचं छत मध्यावर असल्यानं तिथली पातळी फारशी हलत नाही. साध्या बॉयलरात पाणी सरकून हेच छत उघडं पडण्याची धास्ती असते. मात्र खालच्या टोकाला पाणी चढलं की ते वाफेबरोबर सिलिंडरात शिरू शकतं, म्हणून बॉयलर काठोकाठ भरून चढावर निघायचं नाही.

आणि तो जोड. बॉयलरकडून बोगीकडे जाणारी नळी, बोगी जिच्याभोवती वळते त्या खिळीच्या शक्य तितकी जवळ आणायची, म्हणजे तिला सरकावं कमी लागतं, वळावं जास्त. वळण्यासाठी गोळ्याचा सांधा, सरकण्यासाठी एकात एक जाणारी नळी, त्याभोवती ग्लँडमध्ये, म्हणजे आवळता येणाऱ्या खोबणीत, चरबीत भिजवलेल्या तागाचं पॅकिंग. पॅकिंग सैल दाबलं तर वाफ निसटते, घट्ट आवळलं तर सांधा अडतो आणि बोगी वळायला कुरकुरते. भर म्हणजे हे सगळं चाकांच्या मधल्या धुळीत आणि राखेत. कचऱ्याचा एक कण गोळ्यात शिरला की पितळेवर ओरखडा आणि तिथून कायमची गळती. आधीच पाण्याच्या टाक्या लहान, त्यात वाफ वाया. वापरलेली वाफ धुराड्यात सोडणारी नळीही हलतीच. तिचा जोड धुराड्याच्या तळाशी हवा ओढू लागला की भट्टीचा ओढा पडतो, आणि फायरमन कितीही राबला तरी दाबाचा काटा वर सरकत नाही. लिटल वंडर १८८२ मध्ये मोडीत निघालं. तेरा वर्षं म्हणजे इंजिनाच्या मानानं बालमृत्यूच. पण कल्पना मेली नाही. मेक्सिकोत ओरिसाबाच्या घाटात याच जातीची कितीतरी मोठी इंजिनं विसाव्या शतकात वीज येईपर्यंत राबली.

जोडाला खरा शहाणा उपाय सापडला आनातोल मॅले या इंजिनिअरला, १८८४ च्या पेटंटात. मागची चाकं बॉयलरच्याच चौकटीला पक्की, ती जास्त दाबाची वाफ खातात. तिथून निघालेली, निम्म्याहून दाब उतरलेली वाफ पुढच्या हलत्या चाकांच्या मोठ्या सिलिंडरात. म्हणजे हलता जोड आला तो फक्त कमी दाबाच्या नळीत. गळेल, पण थोडं गळेल. मला हे फेअरलीच्या सगळ्या कसरतीपेक्षा हुशार वाटतं; जोड सुधारण्याच्या भानगडीत न पडता जोडावरचं ओझंच त्यानं उतरवलं. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात दकोव्हिल कंपनीच्या ६० सेंटिमीटर रुंदीच्या रुळांवरच्या गाडीनं साठ लाखांवर लोक नेले, तिथं ही छोटी मॅले इंजिनं जगानं पाहिली. तरी प्रश्न पुरता सुटला नव्हताच. १९०९ साली टास्मानियासाठी बांधलेल्या पहिल्या गॅरेट इंजिनात, म्हणजे वाकत्या इंजिनांच्या आणखी एका जातीत, वाफनळी आखूड करायला सिलिंडर आतल्या बाजूला वळवले, ते आले थेट चालकाच्या पायाखाली. केबिनमध्ये उभं राहणं शिक्षा झाली.

माथेरानच्या गाडीला यातलं काहीच नको होतं. नेरळ–माथेरान मार्ग १९०७ चा, चढ २० ला १, वळणं हास्यास्पद अरुंद. तिथं ऑरेनस्टाइन अँड कोपेलची सहा चाकी इंजिनं आणली, त्यांत वाफेची एकही नळी वाकत नाही. वाकतात ते आस, आणि तेही फक्त पुढचा व मागचा. क्लीन आणि लिंडनर या दोन सॅक्सन इंजिनिअरांची ही युक्ती: आत भरीव आस, त्याच्या मधोमध एक गोळा, त्यावर पोकळ आस, आणि चाकं त्या पोकळ आसावर. भरीव आस इंजिनाच्या चौकटीत सरळ फिरतो, पोकळ आस चाकांसकट वळणाकडे कलतो, स्प्रिंगा त्याला परत मध्यावर आणतात. गळतीचा प्रश्नच मिटला, पण झीज गेली त्या गोळ्यावर. तो आत दडलेला, बाहेरून तेलाची बुधली पोचत नाही. गोळा ढिला झाला की इंजिन सरळ रुळावरही डावीउजवीकडे डुलू लागतं. या इंजिनांपैकी एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभं आहे. बाहेरून आडवे दांडे आणि क्रँक दिसतात, ते अगदी साध्या इंजिनासारखेच. करामत शोधायची तर खाली वाकून चाकांच्या मधल्या आसाकडे बघायचं: पहिला आणि तिसरा आस दुसऱ्यापेक्षा चांगलाच जाडजूड आहे.