मामीची केमो आणि मामाची बोंडअळी

मागच्या आठवड्यात मामीचा स्कॅन आला, लिव्हरमधल्या कॅन्सरच्या गाठी पुन्हा वाढल्या. तेव्हापासून फोन सुरू आहेत आणि जो तो एकच वाक्य बोलून राहिला, "शरीराला औषधाची सवय झाली असंल." चौथ्या फोनला मामी वैतागली, "मले कायची सवय बाप्पा, मी तर अजून तशीच ओकून राहिली!"

हसू आलं, पण मामीचंच बरोबर आहे ना. सवय झालीच असेल तर गाठीला झाली, मामीला नाही. आणि गाठीलाही 'सवय' हा शब्द काही नीट बसत नाही.

मामा-मामी हिंगणघाटकडचे, कापूसवाले. केमोच्या दिवशी पहाटेच्या एसटीनं येतात, मी नागपूरच्या गणेशपेठ स्टँडवरून त्यांना घेऊन जातो. सलाईन सुरू झालं की मामा पिशवीतून संत्री काढतात, एकेका फोडीचे धागे असे निवांत काढत बसतात की बघत राहावं, आणि मामी दोन फोडी खाऊन नाही म्हणते. त्या दिवशी धागे काढता काढता मामा म्हणाले, "पहिल्यानं त्या लाल औषधानं गाठ अर्धी झाली होती ना रे, मंग आता काहून नाही लागून राहिलं?"

मी इकडून तिकडून वाचलेलं सांगायला लागलो, जीन्स, म्युटेशन वगैरे, मामांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. मग म्हटलं मामा, २०१७ आठवते?

आठवते म्हणजे काय, ते वर्ष कोण विसरते आमच्याकडे. वावरभर डोमकळ्या (अळीनं आतून मिटवलेली फुलं), बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. २००२ मध्ये अळीला मारणारं विष झाडातच बनवणारं बीटी कापसाचं बियाणं आलं, २००६ मध्ये दोन विषांचं बोलगार्ड-टू, अळीचा विषय संपला म्हणत होते सगळे. मग अळी बीटी खाऊन हुशार झाली का? तसं नाही, लाखोंमधल्या एखाद्या अळीला ते विष मुळातच कमी बाधत होतं, बाकीच्या मेल्या आणि ती राहिली. मामा लगेच म्हणाले, "अन् मंग सारं वावर तिलेच मोकळं."

बस, हेच. एक सेंटीमीटरच्या गाठीत साधारण शंभर कोटी पेशी असतात, आणि पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल करते त्यात चुका होतच राहतात. गोल्डी आणि कोल्डमन या दोघा संशोधकांनी १९७९ मध्ये गणित मांडलं होतं की औषधाला न जुमानणाऱ्या पेशी उपचाराआधीच गाठीत असू शकतात, औषध फक्त त्यांच्या शेजाऱ्यांना साफ करून देते. म्हणून तर टीबीसारखी इथंही तीन-चार औषधं एकत्र देतात, एकातून सुटलेली पेशी दुसऱ्यात सापडावी. अर्थात सगळ्याच पेशी आधीपासून तयार नसतात, काही औषध सुरू असतानाही बदलतात, आणि काही नुसत्या दुभंगणं थांबवून गप पडून राहतात, केमोचा मार मुख्यतः दुभंगणाऱ्यांवर असल्यामुळे त्या वाचतात.

पण मला सगळ्यात भारी वाटला तो पंप. १९७६ मध्ये ज्युलियानो आणि लिंग या संशोधकांना हॅमस्टरच्या पेशींवर एक प्रोटीन सापडलं, पी-ग्लायकोप्रोटीन. ते पेशीच्या आवरणात बसते आणि आत आलेलं औषध विहिरीवरच्या मोटरीसारखं बाहेर उपसते. वैताग म्हणजे त्याला औषधांत फरकच कळत नाही, लाल अॅड्रियामायसिन असो, पॅक्लिटॅक्सेल असो की आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून निघणारं विनक्रिस्टिन, सगळं बाहेर. म्हणजे एका औषधाला दाद न देणारी गाठ कधीच न दिलेल्या दुसऱ्यालाही दाद देत नाही असं होऊ शकते. (आणि सदाफुलीची पानं चावून खायचा सल्ला देणाऱ्या काकूंनो, प्लीज नका देऊ.) मग पंपच बंद करा की! केलं ना, ब्लडप्रेशरचं व्हेरापामिल देऊन पाहिलं, पण लागणारा डोस हृदयाला झेपेना. त्यात हाच पंप आपल्या आतड्यात, लिव्हरमध्ये, किडनीत, मेंदूच्या रक्तवाहिन्यांतही असतो, विष बाहेर काढायचं त्याचं कामच आहे.

बाकी युक्त्या आहेतच. कोणी तुटलेला डीएनए पटापट शिवते, कोणी औषध ज्याला पकडते तेच प्रोटीन भरमसाट बनवते.

मामांनी मधेच विचारलं, "मंग रेफ्युजी लावत नाही का हे लोक?" बीटीच्या पाकिटासोबत साध्या बियाण्याची ती छोटी पुडी यायची ना, विषाला बळी पडणाऱ्या अळ्या थोड्या जगाव्यात आणि न मरणाऱ्यांशी त्यांच्या जोड्या जुळाव्यात म्हणून, ती आपण बहुतेकांनी फेकूनच दिली. मी चाट पडलो, कारण अमेरिकेत गेटनबी नावाचे डॉक्टर शेतातल्या किडींवरूनच या विचाराकडे आले. सगळी गाठ मारायच्या मागे लागायचं नाही, औषधाला बळी पडणाऱ्या पेशी थोड्या राहू द्यायच्या, म्हणजे त्या औषधाला न जुमानणाऱ्यांना जागा देत नाहीत. अळ्यांसारखं जोड्या जुळवणं इथं नाही, पेशी काही लग्न करत नाहीत, इथं नुसतं जागेचं भांडण. प्रोस्टेट कॅन्सरच्या ११ पेशंटवरचा त्यांचा अभ्यास २०१७ मध्ये छापून आला, आकडे आशादायक होते, पण ते औषध केमो नव्हतं, हार्मोनवरचं होतं.

डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले मामींसाठी हे आत्ता नाही, आता गोळ्या सुरू करू, सोमवारपासून. पंपाचं ऐकून मामी म्हणाली, "आमच्या वावरातली मोटर तर कधी इतकी नीट चालली नाही." गणेशपेठला गाडीत बसवताना मामांनी उरलेली संत्री माझ्या हातात दिली. या गोळ्यांवर संत्री चालतात का ते विचारायचं राहूनच गेलं, उद्या फोन करतो.