आवाजासाठी तुम्ही काय घेता?

“बाई, आवाजासाठी तुम्ही काय घेता?” असे नव्याने रुजू झालेल्या शिक्षिका मला विचारतात, ओळखीचे कीर्तनकार विचारतात आणि परवा हळदीच्या बाजारात सौदे पुकारणाऱ्या, माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीही विचारले. सांगलीत २७ वर्षे मराठी शिकवूनही माझा आवाज शाबूत आहे, तो ज्येष्ठमधामुळे किंवा हळदीच्या दुधामुळे असावा, असे त्यांना वाटते. तुम्ही विचारलेत म्हणून सांगते: मी काहीही घेत नाही.

गिळलेला पदार्थ स्वरतंतूंपर्यंत पोहोचतच नाही. ते श्वासनलिकेच्या तोंडाशी असतात आणि गिळताना ती वाट बंद होते. तिथे पाण्याचा थेंब गेला तरी आपल्याला ठसका लागतो. खडीसाखरेने लाळ सुटते, घशाला बरे वाटते, एवढेच. पाणी मात्र दिवसभर प्यावे, कारण ते अंगात मुरले की तंतूंवरचा ओलावा टिकतो. वाफ तेवढी थेट पोहोचते.

हे मला नोकरीच्या अकराव्या वर्षी कळले. वर्गात ६५ मुले होती, खिडक्या रस्त्याकडे होत्या आणि गळीत हंगामात मोठ्याने गाणी लावलेले उसाचे ट्रॅक्टर दिवसभर तिथून जात. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्येच दाखवून दिले होते. मी तेच रोज सहा तास करत होते. दिवाळीनंतर आवाज घोगरा झाला आणि फेब्रुवारीत वाक्याच्या शेवटी नुसती हवा येऊ लागली. “घसा बसला म्हणून कोणी रजा घेते का?” हे वाक्य मला तेव्हा ऐकावे लागले, आणि ते आजही मला सलते, कारण पाय मोडलेल्या माणसाला कोणी असे विचारत नाही.

मिरजेच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिले, तर दोन्ही तंतूंवर समोरासमोर लहान गाठी होत्या. कुदळ धरणाऱ्या हाताला घट्टे पडावेत, तशा. बोलताना पुरुषाचे तंतू सेकंदाला साधारण १२० वेळा एकमेकांवर आपटतात, तर बाईचे सुमारे २०० वेळा, त्यामुळे शिक्षिकांना हा त्रास अधिक होतो. शस्त्रक्रिया करावी लागली नाही. चार महिने वाचोपचार घेतले आणि बोलणेच नव्याने शिकले. घसा खाकरण्याऐवजी मी पाण्याचा घोट घेऊ लागले, कारण खाकरताना तंतू जोरात घासतात. आवाज बसला की आपण कुजबुजतो, पण त्यातही अनेकांचा गळा आवळला जातो. त्यापेक्षा गप्प राहावे किंवा हलक्या पण खऱ्या आवाजात बोलावे. ट्रॅक्टर आला की मी वाक्य अर्धे सोडते आणि तो गेल्यावर पुरे करते. मुलांना त्याची सवय झाली आहे. मी बी.एड. केले तेव्हा फळ्यावरील अक्षराला गुण होते, आवाजाविषयी मात्र एकही तास नव्हता.

सौदे पुकारणाऱ्या त्या गृहस्थांचा आवाज तीन महिन्यांपासून बसलेला आहे आणि त्यांना तंबाखूची सवय आहे. अशा वेळी गाठी असतीलच असे धरून बसता येत नाही; घशाच्या कर्करोगाची सुरुवातही अशीच होऊ शकते आणि ती लवकर सापडली तर उपचार सोपे जातात. त्यांना मी काढा सांगितला नाही, मिरजेचा पत्ता लिहून दिला. सोमवारी सौदे बंद ठेवून ते मुलाबरोबर दुर्बिणीच्या तपासणीला जाणार आहेत.